पाण्याखालील श्राव्यातीत जाडीमापन

जहाजाचे पाण्यातले बूड, धक्क्याचे पोलादी खांब, समुद्रातील तेलविहिरींच्या प्लॅटफॉर्मचे पाय, तळाशी टाकलेल्या नळवाहिन्या, धरणांची पोलादी दारे अशा पाण्यात बुडालेल्या धातूची जाडी तो न कापता, त्याला भोक न पाडता आणि तो पाण्याबाहेर न काढता मोजण्याची पद्धत. हिच्यात माणसाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतेच्या ध्वनीचा स्पंद एका बाजूने धातूत सोडतात आणि पलीकडच्या पृष्ठभागावरून तो परत यायला लागलेल्या वेळावरून जाडी काढतात. कॅलिपरला वस्तूच्या दोन्ही बाजू मोकळ्या लागतात. तरंगत्या जहाजाच्या पत्र्याची आतली बाजू मात्र बहुधा तेलाच्या किंवा पाण्याच्या टाकीत असते. एकाच बाजूने मोजता येते म्हणून गंजाने पत्रा किती झिजला हे पाहण्यासाठी ही पद्धत जगभर वापरतात. गोदीत तिला नुसते ‘यूटी’ किंवा ‘गेजिंग’ म्हणतात.

तत्त्व : पोलादात अनुदैर्घ्य ध्वनितरंगांचा वेग सेकंदाला सुमारे ५,९२० मी., ॲल्युमिनियममध्ये सुमारे ६,३२० मी. आणि समुद्राच्या पाण्यात सुमारे १,५०० मी. असतो. वेगाला वेळाने गुणून निम्मे केले की जाडी मिळते. निम्मे अशासाठी की ध्वनी जाडी दोनदा पार करतो. १० मिमी. जाडीच्या पोलादी पत्र्यातून ध्वनीला जाऊन यायला सुमारे ३.४ मायक्रोसेकंद लागतात. जाडीतला ०.१ मिमी. फरक ओळखायचा, तर उपकरणाला सुमारे ३४ नॅनोसेकंदांचा फरक मोजता आला पाहिजे.

ध्वनी परत फिरतो तो दोन माध्यमांच्या सीमेवर. पोलादामागे हवा असेल, तर जवळजवळ सगळी ऊर्जा परावर्तित होते. पाणी असेल, तर सुमारे ८८ टक्के ऊर्जा परावर्तित होते आणि उरलेली पाण्यात निघून जाते. म्हणून रिकाम्या टाकीच्या पत्र्यातून येणारे प्रतिध्वनी भरलेल्या टाकीच्या पत्र्यापेक्षा ठळक असतात. जमिनीवर मोजताना ध्वनी सोडणारा शोधक आणि धातू यांच्यामधली हवा घालवण्यासाठी जेल किंवा ग्रीस असा जोडद्रव लावावा लागतो. पाण्याखाली ते काम पाणीच करते.

इतिहास : काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्यात विद्युत्‌भार निर्माण होतो, हे प्येअर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवले. या दाबविद्युत् परिणामाचा उपयोग करून पहिल्या महायुद्धाच्या काळात पॉल लांझव्हँ यांनी पाणबुड्या शोधण्यासाठी क्वॉर्ट्‌झचे ध्वनिप्रक्षेपक बनवले. ध्वनी धातूतून पाठवून आतले दोष शोधता येतील, ही कल्पना १९२० च्या दशकाच्या अखेरीस रशियन शास्त्रज्ञ सर्गेई सोकोलोव्ह यांनी मांडली. मात्र स्पंद सोडून त्याच बाजूने प्रतिध्वनी टिपणारे व्यवहार्य उपकरण अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या फ्लॉइड फायरस्टोन यांनी तयार केले. त्याचे पेटंट त्यांना १९४२ मध्ये मिळाले. ब्रिटनमध्ये डोनाल्ड स्प्रौल यांनी त्याच सुमारास स्वतंत्रपणे असेच काम केले. जाडीमापक ही या दोषशोधकाचीच साधी आवृत्ती आहे. अंकीय इलेक्ट्रॉनिक मंडले लहान झाल्यावर ती पाणीबंद डबीत बसवून पाणबुड्याच्या हाती देता आली.

उपकरण : त्याचे दोन मुख्य भाग असतात : स्फटिक असलेला शोधक आणि वेळ मोजून आकडा दाखवणारा जाडीमापक. पाण्याखालच्या कामात बहुधा २.२५ ते ५ मेगाहर्ट्‌झ कंप्रतेचे शोधक वापरतात. कंप्रता कमी असेल, तर तरंग लांब असतो आणि खडबडीत, गंजलेल्या पृष्ठभागातून तो तग धरून जातो; कंप्रता जास्त असेल, तर पातळ पत्रा अधिक बारकाईने मोजता येतो. ५ मेगाहर्ट्‌झच्या तरंगाची पोलादातली लांबी सुमारे १.२ मिमी. भरते. स्फटिकाची झीज होऊ नये म्हणून शोधकाच्या तोंडावर मऊ पटल बसवतात आणि त्याच्या आत जोडद्रवाचा थेंब घालतात. त्या थेंबात हवेचा बुडबुडा राहिला, तर संकेत क्षीण होतो, म्हणून पटल चढवताना तो नीट काढून टाकावा लागतो. अनेक उपकरणांत आकडा पाणबुड्यासमोर दिसतो आणि केबलमधून वर बोटीवरील पडद्यावरही येतो.

एक प्रतिध्वनी व अनेक प्रतिध्वनी : पाण्याखालच्या धातूवर बहुधा रंगाचा थर असतो आणि रंगात ध्वनी पोलादाच्या निम्म्याहूनही कमी वेगाने जातो. केवळ पहिल्या प्रतिध्वनीपर्यंतचा वेळ मोजणारे उपकरण रंगात गेलेला वेळही पोलादाच्या खात्यावर मांडते. परिणाम किती होतो हे उदाहरणाने कळेल. मूळ १२ मिमी.चा पत्रा झिजून १०.८ मिमी. झाला आहे आणि त्यावर अर्धा मिमी. रंग आहे, असे समजू. रंगातला ध्वनिवेग सेकंदाला २,४०० मी. धरला, तर तो रंग सुमारे १.२ मिमी. पोलादाएवढा वेळ खातो आणि उपकरण १२ मिमी. दाखवते. दहा टक्के झीज अशी पूर्ण झाकली जाते.

ही अडचण अनेक प्रतिध्वनींच्या पद्धतीने सुटते. पत्र्यात शिरलेला ध्वनी दोन पृष्ठभागांमध्ये पुन:पुन्हा आपटत राहतो आणि प्रत्येक फेरीला थोडा ध्वनी शोधकाकडे परततो. पहिल्या प्रतिध्वनीने रंग दोनदा ओलांडलेला असतो आणि दुसऱ्यानेही दोनदाच. दोघांमधल्या अंतरात त्यामुळे फक्त पोलादातला वेळ उरतो. काही उपकरणे सलग तीन प्रतिध्वनी तपासतात आणि त्यांच्यातली दोन अंतरे जुळली तरच आकडा दाखवतात. शोधक आणि पत्रा यांच्यात राहिलेला पाण्याचा थरही याच वजाबाकीत निघून जातो. म्हणून दूरनियंत्रित जलयानावर बसवलेला शोधक पत्र्याला पूर्ण टेकला नाही तरी मोजमाप होऊ शकते. मात्र तो पृष्ठभागाशी काटकोनात राहिला पाहिजे.

कार्यपद्धती : पाणबुड्या उतरण्यापूर्वी जहाजाच्या पंख्याचे इंजिन, पाणी ओढणारे पंप आणि बाहेरून विद्युत्‌प्रवाह देणारी गंजरोधक यंत्रणा बंद करून तसा लेखी परवाना घेतात. चालू पंपाच्या तोंडाशी निर्माण होणारा दाबातला फरक पाणबुड्याला खेचून अडकवू शकतो. उपकरण ज्ञात जाडीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या ठोकळ्यावर तपासतात. काम संपल्यावर हीच तपासणी पुन्हा करतात. मधल्या काळात उपकरण बिघडले असेल, तर त्या बुडीतली सगळी रीडिंग रद्द धरावी लागतात.

पाण्याखाली पहिला प्रश्न आपण नेमके कुठे आहोत हा असतो. जहाजाच्या बुडाखाली खुणा केलेली दोरी ताणतात आणि फ्रेमचे क्रमांक, वेल्डच्या रेघा, पाणी घेण्याच्या जाळ्या यांच्या आधाराने जागा ठरवतात. मग बार्नॅकल, कालवे आणि शेवाळ खरवडून शोधकापुरती जागा साफ करतात. चांगला धरलेला रंग मात्र उडवत नाहीत, कारण उघडा पडलेला पत्रा तिथेच गंजू लागतो. पाणबुड्या शोधक टेकवतो, किंचित हलवून संकेत स्थिर करतो आणि आकडा वर सांगतो. वरचा पर्यवेक्षक तो मोठ्याने परत म्हणून लिहून घेतो. पाणी गढूळ असले तरी ध्वनीला अडथळा होत नाही. हाताने चाचपडत मोजलेला आकडाही, तो वर पडद्यावर दिसत असल्यामुळे, तितकाच विश्वसनीय ठरतो.

सपाट बुडाखाली एक वेगळीच अडचण येते. पाणबुड्याने सोडलेल्या श्वासाचे बुडबुडे वर जायला वाट नसल्यामुळे पत्र्याखालीच पसरतात. त्यांतला एखादा शोधकाखाली सापडला की आकडा नाहीसा होतो. जागा हाताने पुसून, शोधक तिरपा लावत आणून पुन्हा टेकवावा लागतो.

चुका व मर्यादा : शोधकाखालचा ध्वनिझोत ठरावीक क्षेत्र व्यापतो. त्यामुळे सुईच्या टोकाएवढी पण खोल खाच त्यात सापडेलच असे नाही. मागचा पृष्ठभाग फार खडबडीत असेल, तर ध्वनी विखुरतो, सलग प्रतिध्वनी मिळत नाहीत आणि आकडाच येत नाही. आकडा न येणे ही तिथे गंज जास्त असल्याची खूण असू शकते, म्हणून अशी जागा सोडून शेजारची ‘चांगली’ जागा मोजणे हा मोठा दोष मानतात. अशा ठिकाणी दोन स्फटिकांचा शोधक किंवा संकेताचा आलेख दाखवणारे उपकरण वापरतात. २० मिमी.च्या पत्र्यावर अचानक ९–१० मिमी. आकडा आला आणि आजूबाजूला सगळीकडे २० मिमी.च असेल, तर गंजापेक्षा पत्रा लाटताना आत राहिलेल्या पापुद्र्याचा संशय आधी घेतात. पोलादासाठी लावलेल्या वेगाने ॲल्युमिनियमचा १० मिमी. पत्रा मोजला, तर सुमारे ९.४ मिमी. दिसतो, म्हणून धातू बदलला की वेगही बदलावा लागतो. तापमानाचा परिणाम त्यामानाने किरकोळ आहे : पोलादातला ध्वनिवेग सुमारे ५५ अंश से. तापमानवाढीला एक टक्क्याने घटतो. काँक्रीट आणि फायबरच्या बोटी यांत ध्वनी लवकर विरतो, म्हणून तिथे नेहमीचा पोलादी जाडीमापक चालत नाही.

उपयोग : आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मालवाहू जहाजाच्या बुडाची पाहणी पाच वर्षांत दोनदा करावी लागते आणि दोन पाहण्यांमधले अंतर ३६ महिन्यांपेक्षा जास्त असता कामा नये. ठरावीक अटींवर यांतली एक पाहणी सुक्या गोदीऐवजी पाण्यातच करता येते. तेलवाहू व सुट्या मालाची जहाजे १५ वर्षांची झाली की ही सवलत संपते. जहाज-वर्गीकरण संस्था प्रत्येक भागासाठी किती झीज चालेल ते ठरवतात. त्या मर्यादेच्या ७५ टक्क्यांहून अधिक झीज झाली की ‘लक्षणीय गंज’ अशी नोंद होऊन त्या भागात जास्त ठिकाणी मोजावे लागते. उदाहरणार्थ, १६ मिमी.च्या पत्र्याला २० टक्के म्हणजे ३.२ मिमी. झीज मान्य असेल, तर १३.६ मिमी.च्या खाली ही नोंद होते आणि १२.८ मिमी.च्या खाली पत्रा बदलावा लागतो. १९७५ मध्ये बांधलेले ‘एरिका’ हे तेलवाहू जहाज डिसेंबर १९९९ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याजवळ मोडून बुडाले, त्यामागे गंजाने खंगलेली रचना हे कारण होते. त्यानंतर युरोपात जुन्या जहाजांच्या तपासणीचे नियम कडक झाले.

धक्क्यांच्या पोलादी पाइलशीटवर सर्वांत नीच ओहोटीच्या रेषेजवळ सूक्ष्मजंतूंमुळे होणारा गंज विशेष घातक असतो. साधारण बुडालेल्या पोलादाची झीज वर्षाला ०.१ मिमी.च्या आसपास असते, तर इथे ती अर्धा मिमी. किंवा त्याहून जास्त होऊ शकते. नारिंगी थराखाली चकचकीत, खड्डे पडलेला धातू दिसला की तो पट्टा जाडीमापकाने वरून खाली क्रमाने तपासतात. प्लॅटफॉर्मच्या नळीदार अवयवांसाठी याच तत्त्वावरची आणखी एक चाचणी करतात. बंद नळीत हवा असली, तर समोरच्या भिंतीवरून प्रतिध्वनी येत नाही. तडा जाऊन तिच्यात पाणी शिरले असेल, तर पाण्यातून जाऊन आलेला उशिराचा प्रतिध्वनी मिळतो.

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किमी. अंतरावर १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हाय तेलक्षेत्रातील प्लॅटफॉर्मचे पाय भारतातील अशा तपासणीचे मोठे क्षेत्र आहे. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळत असल्यामुळे तिथली पाणबुड्यांची कामे मुख्यत्वे पावसाळ्याबाहेरच्या महिन्यांत होतात. जहाजांचे वर्गीकरण करणारी इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग ही १९७५ मध्ये स्थापन झालेली संस्था मुंबईत आहे. जाडीमापन करणाऱ्या आणि पाण्यातली पाहणी करणाऱ्या कंपन्यांना वर्गीकरण संस्थेची मान्यता लागते. पाणबुड्या-निरीक्षकासाठी ‘सीस्विप ३.१यू’ ही अर्हता समुद्री तेलउद्योगात प्रचलित आहे. तिच्यात डोळ्यांनी तपासणी, अंकीय जाडीमापन आणि गंजरोधक विद्युत्‌विभवाचे मापन यांचा समावेश होतो. समुद्राच्या पाण्यात चांदी–सिल्व्हर क्लोराइड संदर्भ-विद्युत् अग्राशी तुलना करता हे विभव −८०० मिलिव्होल्टपेक्षा अधिक ऋण असेल, तर पोलाद संरक्षित समजतात. काही शोधकांत जाडी व विभव दोन्ही मोजण्याची सोय असते.

आकड्यांचा अर्थ : एकट्या रीडिंगवरून आज किती जाडी उरली एवढेच समजते. झिजेचा वेग काढायला त्याच जागी काही वर्षांनी पुन्हा मोजावे लागते. उपकरणाची अचूकता ०.१ मिमी. असेल आणि झीजही वर्षाला ०.१ मिमी.च होत असेल, तर वर्षाच्या अंतराने घेतलेल्या दोन आकड्यांमधला फरक मोजमापाच्या चुकीइतकाच राहतो आणि त्यावरून काही निष्कर्ष काढता येत नाही. पाच वर्षांत तो ०.५ मिमी.पर्यंत जातो आणि मग आयुर्मानाचा हिशेब मांडता येतो. शिवाय दुसरे मोजमाप पहिल्या जागेपासून काही सेंटिमीटर जरी सरकले, तरी पत्रा लाटतानाच राहिलेला जाडीतला फरक झीज म्हणून मोजला जातो. त्यामुळे चांगल्या अहवालात आकड्याइतकेच महत्त्व त्याच्या जागेच्या नोंदीला, शोधकाच्या प्रकाराला, लावलेल्या ध्वनिवेगाला आणि ठोकळ्यावरच्या तपासणीला असते.