साडेपाच दिवस, तीन लाख युनिट आणि टोगो

जानेवारी १९२५. अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरचं नोम हे गाव. वस्ती जेमतेम चौदाशे, आसपासच्या आदिवासी पाड्यांसह दहा हजारांच्या घरात. बेरिंगचा समुद्र गोठला की बोट बंद, आणि रेल्वे तर हजारभर किलोमीटर लांब. डॉक्टर एकच, कर्टिस वेल्श. त्यांच्याकडचं घटसर्पाचं सीरम मुदतबाह्य झालं होतं. नवं मागवलं होतं, पण ते शेवटच्या बोटीने आलंच नाही. पुढचा सगळा अनर्थ इथून सुरू होतो.

२० जानेवारी. तीन वर्षांचा एक मुलगा दगावला. घटसर्पात घशात करडा पापुद्रा धरतो, श्वासाची वाट बुजत जाते आणि विष हृदयापर्यंत पोचतं. दुसऱ्या दिवशी सात वर्षांची मुलगी गेली. डॉक्टरांनी तिला नाइलाजाने जुनंच सीरम टोचलं होतं.

२२ जानेवारी. गावबंदी लागू झाली होती. वेल्श यांनी तारेने दहा लाख युनिट सीरम मागितलं. १९१८च्या फ्लूने या भागातली निम्म्याच्या आसपास आदिवासी वस्ती पुसून टाकली होती. ती आठवण ताजी असल्याने ही तार काय सांगतेय हे प्रत्येकाला कळत होतं.

२६ जानेवारी. अँकरेजच्या रेल्वे दवाखान्यात तीन लाख युनिट सापडले. फार तर तीसेक रुग्णांना पुरतील एवढे, पण तेवढ्यावर वेळ निभावणार होती. विमानं होती ती उघड्या कॉकपिटची आणि हिवाळ्यासाठी खोलून ठेवलेली. गव्हर्नर स्कॉट बोन यांनी कुत्र्यांवर भरवसा ठेवला; टप्प्याटप्प्याला स्लेज आणि गाडीवान बदलणार होते. काचेच्या कुप्या गोधडीत गुंडाळून धातूच्या डब्यात भरल्या, डब्याचं वजन सुमारे नऊ किलो, आणि रात्री तो रेल्वेने नेनानाकडे निघाला.

२७ जानेवारी, रात्री ९. नेनाना स्टेशनवर बिल शॅननने डबा स्लेजवर बांधला. इथून नोम १०८५ किलोमीटर. हिंगोलीहून मुंबईला जाऊन परत येण्याइतकं अंतर, तेही उणे चाळीस-पन्नास अंशांत. टपालवाले या वाटेला सुमारे पंचवीस दिवस लावत. सीरम त्या थंडीत इतके दिवस टिकलं नसतं.

२८ जानेवारी, पहाटे ३. शॅनन मिंटोच्या मुक्कामावर पोचला तेव्हा पारा उणे ५२ वर होता आणि त्याचा चेहरा हिमदंशाने जागोजागी काळा पडला होता. त्याने डबा शेकोटीजवळ ठेवला, चार तास थांबला आणि थकलेली तीन कुत्री मागे सोडून पुन्हा निघाला. ती तिन्ही पुढे मेली. पुढच्या टप्प्यावर त्याच्याकडून डबा घेऊन त्याच दुपारी एडगर कॅलंड मॅनली हॉट स्प्रिंग्जला पोचला. त्याचे हात स्लेजच्या दांड्याला असे गोठून चिकटले होते की सोडवायला वर गरम पाणी ओतावं लागलं.

३० जानेवारी, सकाळी १०. चार्ली एव्हान्स नुलाटोला पोचला तो स्वतः स्लेज ओढत. त्याच्या जोडीच्या दोन म्होरक्या कुत्र्यांचं अंग आखूड केसांचं होतं. जांघेला सशाचं कातडं बांधायचं तो विसरला आणि दोघांनाही हिमदंशाने गाठलं. मुक्कामावर पोचल्यावर दोन्ही कुत्री मेलेली होती. सीरमच्या या गोष्टी सांगताना या दोन कुत्र्यांना वगळलं जातं, म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

आता टोगोकडे येऊ. या धावपळीतल्या एका स्लेजचा म्होरका, सायबेरियन हस्की, वय बारा. कुत्र्याचं बारावं वर्ष म्हणजे उतारवयच. लहानपणी हे पिल्लू आजारी आणि खोडकर होतं. मालक लिओनहार्ड सेपाला याने कंटाळून ते कुणाला देऊन टाकलं, तर ते बंद खिडकीची काच फोडून घरी परत आलं. आठ महिन्यांचं असताना प्रथमच जोतात जुंपलं आणि पहिल्याच दिवशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पळालं. सेपाला नॉर्वेहून आलेला आणि १९१५ ते १९१७ अशी सलग तीन वर्षं ऑल अलास्का स्वीपस्टेक्स ही मोठी शर्यत जिंकलेला. त्याची एकुलती एक मुलगी, आठ वर्षांची, त्या वेळी नोममध्येच होती.

३१ जानेवारी, दुपार. बेत असा होता की सेपालाने नुलाटोपर्यंत जाऊन सीरम घ्यायचं. तो निघाल्यावर बेत बदलला, मधल्या टप्प्यांवर आणखी गाडीवान नेमले गेले. त्याला ते कळायचा मार्गच नव्हता. शाक्टूलिकबाहेर हेन्री इव्हानॉफची कुत्री एका रेनडिअरला भिडून गुंतली होती. सेपाला आपल्याच तंद्रीत बाजूने निघून चालला होता. इव्हानॉफने ओरडून डबा आपल्याकडे असल्याचं सांगितलं नसतं, तर तो सीरमला मागे टाकून दूर निघून गेला असता.

डबा घेऊन तो वळला. समोर नॉर्टन साउंड, समुद्राची गोठलेली खाडी. किनाऱ्याने वळसा घातला तर वेळ जातो. सरळ बर्फावरून गेलं तर वाट जवळची, पण वाऱ्याने बर्फाचा तुकडा तुटून समुद्रात वाहून जाण्याची भीती. आत्ताच सेपाला ती खाडी ओलांडून आला होता. अंधार पडत होता, पारा उणे ३४ कडे चालला होता, वादळ चढत होतं. अशा वेळी मालकाला काही दिसत नाही. म्होरका वास, वारा आणि पायाखालचा आवाज यांवर वाट काढतो आणि मागचे सगळे त्याच्यामागे जातात. टोगोने ती खाडी पार केली. रात्री ८ ला आयझॅक्स पॉइंट. त्या एका दिवसात १३५ किलोमीटर झाले होते.

१ फेब्रुवारी, पहाटे २. फक्त सहा तास विसावा आणि पुन्हा जोत. वारा ताशी १०५ किलोमीटरपर्यंत पोचलेला. किनाऱ्याजवळचा बर्फ तडकत होता. तो संपल्यावर लिटल मॅकिन्ली डोंगराचा चढ-उतार. दुपारी ३ ला गोलोविन. डबा चार्ली ओल्सनकडे गेला, संध्याकाळी ७ ला ब्लफला गुन्नर कासेनच्या हातात.

२ फेब्रुवारी, पहाटे ५.३०. कासेनची स्लेज वाऱ्याने उलटली होती, डबा बर्फात पडला होता, त्याने उघड्या हातांनी चाचपून शोधला. वीस गाडीवान आणि दीडशेच्या आसपास कुत्री, सगळे मिळून सव्वाशेहून जास्त तास. कासेनचा म्होरका बाल्टो नोममध्ये शिरला. एकही कुपी फुटली नव्हती. दुपारपर्यंत सीरम टोचायला तयार होतं. दुसरा, मोठा साठा १५ फेब्रुवारीला आला. अधिकृत मृत्यू सहा-सात एवढेच राहिले, पण आदिवासी पाड्यांतले मृत्यू मोजलेच गेले नाहीत असं वेल्श यांचं मत होतं.

वर्तमानपत्रांना शेवटचं कुत्रं दिसलं. त्याच वर्षी १७ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये बाल्टोचा पुतळा उभा राहिला. बाल्टोचं श्रेय कमी नाही, पण त्याचा टप्पा ८५ किलोमीटरचा. टोगोने सीरम घेऊन १४६ आणि जाऊन-येऊन मिळून सुमारे ४२० किलोमीटर कापले. सेपालाला हे लागलं आणि ते त्याने लपवलं नाही. टोगो १९२९च्या डिसेंबरात गेला. कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची नरसी आपल्या हिंगोली जिल्ह्यात आहे, तेव्हा कुठल्या कुत्र्याचं श्रेय कुणाला जातं याची फिकीर हिंगोलीकरांनी तरी करावी.

आणि घटसर्प आता इतिहास झाला असं समजू नका. सीरम घोड्याच्या रक्तापासून बनवतात, ते रोग झाल्यावर वेळेत मिळावं लागतं. लस आधीच टोचून घेता येते आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट आहे: सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलेंट, १६ ते २४ महिन्यांत डीपीटीचा पहिला बूस्टर, ५ ते ६ वर्षांत दुसरा, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी. पहिले तीन डोस बहुतेक घरांत होतात, पाच वर्षांचा अनेकदा राहून जातो. आजच घरातलं लसीकरण कार्ड काढा, राहिलेला डोस बघा आणि आशाताईंना विचारून उपकेंद्रात टोचून घ्या.