एकच सीजीपीए, चार आकडे : प्रवेश अर्जात गुण कसे मांडावेत

अभियांत्रिकीच्या पदवीला दहापैकी ८.२ सीजीपीए मिळवलेल्या विद्यार्थ्याची टक्केवारी किती? सरळ प्रमाण काढले तर ८२. सीबीएसईच्या दहावीमुळे घरोघरी पाठ झालेला ९.५ चा गुणक लावला तर ७७.९. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या समकक्षता कोष्टकाप्रमाणे, म्हणजे सीजीपीएमधून ०.७५ वजा करून उरलेल्या आकड्याला दहाने गुणल्यास, ७४.५. हाच विद्यार्थी जर्मनीतील विद्यापीठाकडे अर्ज करत असेल, तर तेथील सूत्राने त्याची श्रेणी १.९ ठरते, तेथे आकडा जितका लहान तितकी कामगिरी चांगली.

चारही आकडे एकाच गुणपत्रिकेतून निघतात. पण जेथे प्रवेशासाठी किमान ७५ टक्क्यांची अट आहे, तेथे पहिले दोन आकडे उमेदवाराला आत नेतात आणि तिसरा त्याला दाराबाहेर ठेवतो. म्हणूनच यांपैकी कोणता आकडा लिहायचा, हे उमेदवाराच्या मर्जीवर सोडलेले नसते. सोयीचा आकडा लिहून अर्ज पुढे जातो, मुलाखतही होते, आणि कागदपत्रांच्या पडताळणीत तफावत उघड झाल्यावर मिळालेला प्रवेश रद्द होतो. तोवर इतर ठिकाणच्या मुदती संपलेल्या असतात.

रूपांतराचा अधिकार कोणाचा

सीजीपीएचे टक्क्यांत रूपांतर करण्याचा पहिला अधिकार ज्या विद्यापीठाने पदवी दिली त्याचा असतो. अनेक विद्यापीठे आपले सूत्र गुणपत्रिकेच्या मागील बाजूस छापतात. न छापल्यास परीक्षा विभागाकडून रूपांतराचे प्रमाणपत्र मागून घ्यावे लागते. भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेशासाठी होणाऱ्या कॅट परीक्षेचा नियम या बाबतीत स्पष्ट आहे. संस्थेने प्रमाणित केलेले रूपांतर असेल तर तेच ग्राह्य धरले जाते; संस्थेचे कोणतेही सूत्र नसेल, तरच मिळालेल्या सीजीपीएला कमाल सीजीपीएने भागून शंभराने गुणायचे असते. वरील उदाहरणातील ८२ हा आकडा केवळ या दुसऱ्या स्थितीत, किंवा विद्यापीठाचे स्वतःचे सूत्रच तसे असल्यास, खरा ठरतो.

९.५ च्या गुणकाचा गैरवापर सर्वाधिक होतो. सीबीएसईने २००९-१० पासून दहावीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणि श्रेणी पद्धत आणली, तेव्हा श्रेणीवरून टक्केवारीचा अंदाज घेता यावा म्हणून हा गुणक दिला गेला. ती पद्धत बंद होऊन २०१८ पासून दहावीची बोर्ड परीक्षा पुन्हा सर्वांना सक्तीची झाली. गुणक मात्र मागे राहिला, आणि ज्या पदव्यांशी त्याचा काडीचाही संबंध नाही, त्यांच्या सीजीपीएलाही तो लावला जातो. ज्यांनी त्या काळात सीबीएसईची दहावी केली, त्यांच्या दहावीपुरताच तो वापरणे योग्य.

पेढे एका टक्केवारीचे, अर्ज दुसरीचा

दहावीच्या गुणांबाबत महाराष्ट्र राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांची गफलत निराळी असते. या मंडळाने २०१० पासून सहा विषयांपैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरून टक्केवारी देण्यास सुरुवात केली. समजा, एखाद्या विद्यार्थिनीला पाच विषयांत मिळून ५०० पैकी ४५० आणि सहाव्या विषयात ६० गुण आहेत. घरी पेढे वाटले गेले ते ९० टक्क्यांचे. परंतु कॅटच्या अर्जात दहावीचे गुण लिहिताना, मंडळाचा नियम काहीही असला तरी, गुणपत्रिकेवरील सर्व विषय मोजावे लागतात. मग तिचे गुण ६०० पैकी ५१०, म्हणजे ८५ टक्के होतात. क्रीडा किंवा कला प्रकारांसाठी मिळालेले वाढीव गुण धरायचे की नाही, याचा नियमही प्रत्येक संस्थेच्या माहितीपुस्तिकेत पाहावा लागतो. दहावी-बारावीच्या गुणांना अंतिम निवडीत भारांश देणाऱ्या व्यवस्थापन संस्थांमध्ये पाच टक्क्यांचा फरक किरकोळ नसतो. परंतु तो लपवण्याची किंमत त्याहून मोठी असते.

अपूर्णांक पूर्ण करण्याची सवयही अशीच महागात पडते. ५९.९४ म्हणजे ६० नव्हेत. माहितीपुस्तिकेत वेगळी सूचना नसेल तर दशांशचिन्हानंतरचे दोन अंक जसेच्या तसे लिहावेत, आणि अर्जात जागा असेल तेथे टक्केवारीसोबत मूळ गुणही द्यावेत : ‘६०० पैकी ५१०, ८५.०० टक्के’. छाननी करणाऱ्याला हिशेब समोर दिसला की शंकेला जागा उरत नाही.

दिल्ली विद्यापीठाच्या उदाहरणावरून बारावीच्या गुणांची बदललेली भूमिका कळते. २०२१ पर्यंत तेथील प्रवेश बारावीच्या सर्वोत्तम चार विषयांच्या सरासरीवर होत, आणि त्या वर्षी काही नामवंत महाविद्यालयांच्या पहिल्या यादीत १०० टक्क्यांची अट लागली होती. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही सामाईक परीक्षा आली आणि प्रवेश तिच्या गुणांवर होऊ लागले. तरीही बारावीची गुणपत्रिका कपाटात ठेवून चालत नाही. दोन उमेदवारांचे सीयूईटीचे गुण समान झाल्यास बारावीचे गुण पाहिले जातात. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांमध्ये तर जेईई मेनमधील क्रमांक चांगला असूनही बारावीला ७५ टक्के, किंवा आपल्या मंडळात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान, यांपैकी एक अट पूर्ण करावी लागते. अनुसूचित जाती-जमातींसाठी टक्क्यांची अट ६५ आहे. ७५ टक्के हुकलेल्या पुष्कळांना ही दुसरी वाट ठाऊकच नसते.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

येथेच एक जुना गोंधळ निस्तरला पाहिजे. जेईई मेन आणि महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी यांचे निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतात. परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते, त्यामुळे त्या सत्रातील किती टक्के उमेदवारांचे गुण आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी आहेत, हे पर्सेंटाइल सांगते. किती प्रश्न बरोबर आले, हे ते सांगत नाही. दहा लाख उमेदवार असतील तर ९९ पर्सेंटाइलच्या विद्यार्थ्यापुढे साधारण दहा हजार जण असतात. त्याला ९९ टक्के गुण मिळाले असे लिहिणे ही चूक आहे, आणि परदेशी विद्यापीठाला तसे कळवले तर ती दिशाभूल ठरू शकते. जेईई मेनचे पर्सेंटाइल दशांशानंतर सात अंकांपर्यंत दिले जाते. ते पूर्ण लिहावे, सोबत परीक्षेचे वर्ष आणि अखिल भारतीय क्रमांक द्यावा. परदेशातील वाचकासाठी परीक्षेला बसलेल्यांची अधिकृत संख्याही एका ओळीत दिली तर त्या क्रमांकाला अर्थ येतो.

२०२१ च्या तुकडीचा प्रश्न

सध्या पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज करणाऱ्यांत बारावी २०२१ मध्ये उत्तीर्ण झालेले अनेक जण आहेत. कोविडच्या साथीमुळे त्या वर्षी सीबीएसई आणि महाराष्ट्र मंडळ या दोहोंनी बारावीची परीक्षा रद्द केली. निकाल दहावीला ३० टक्के, अकरावीला ३० टक्के आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाला ४० टक्के भारांश देऊन तयार झाला. ‘ते गुण खरे नव्हेत’ ही टोचणी या तुकडीने पुष्कळ सोसली आहे, आणि म्हणून काही जण अर्जात लांबलचक खुलासा लिहितात. त्याची गरज नाही. देशातील निवड समित्यांना ते वर्ष ठाऊक आहे. परदेशी अर्जात ‘२०२१ मध्ये परीक्षा रद्द झाल्याने मंडळाने तीन वर्षांच्या मूल्यमापनावरून निकाल दिला’ एवढे एक वाक्य पुरते. त्यापुढे पदवीचे गुण बोलू द्यावेत.

परदेशी मोजपट्टी

परदेशी अर्जातील सर्वांत नुकसानकारक चूक म्हणजे घरच्या घरी केलेले रूपांतर. मराठी मुलखातील कला शाखेच्या पदवीधराला ६२ टक्के म्हणजे प्रथम श्रेणी. तो हे गुण अमेरिकी चार गुणांच्या पट्टीवर बसवण्यासाठी २५ ने भागतो आणि २.४८ असा आकडा लिहितो. अमेरिकी वाचकाच्या दृष्टीने ही ‘बी’ या श्रेणीच्याही खालची कामगिरी झाली! ज्या देशात ६० टक्क्यांना प्रथम श्रेणी मिळते आणि ज्या देशात नव्वदीला ‘ए’ मिळतो, त्या दोन पट्ट्या भागाकाराने जुळत नाहीत. विद्यापीठाने रूपांतर स्पष्ट मागितले नसेल तर गुण मूळ पट्टीतच लिहावेत, आणि शेजारी ‘प्रथम श्रेणी : ६० टक्क्यांपासून’ ही नोंद द्यावी. रूपांतर मागितले असेल तर वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेससारख्या मूल्यांकन संस्थेचा अहवाल घ्यावा. ते काम त्यांचे आहे.

जर्मनीत सूत्र ठरलेले आहे. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्या वजाबाकीला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांतील अंतराने भागायचे, आलेल्या संख्येला तीनने गुणून त्यात एक मिळवायचा. बव्हेरियन सूत्र म्हणून ते ओळखले जाते. त्यातला कळीचा आकडा किमान उत्तीर्ण गुणांचा आहे, आणि नेमका तोच भारतीय अर्जांत दुर्लक्षित राहतो. ७२ टक्के मिळवलेल्याच्या विद्यापीठात उत्तीर्णतेची मर्यादा ४० असेल तर श्रेणी २.४ येते, ती ५० आहे असे गृहीत धरले गेले तर जवळपास २.७. काही अभ्यासक्रमांची अट २.५ असते. म्हणून उत्तीर्णतेची मर्यादा छापलेला गुणपत्रिकेचा मागचा भागही स्कॅन करून जोडणे ही किरकोळ बाब मानू नये. १ नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीत शिकायला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांची एपीएस केंद्राकडून पडताळणी बंधनकारक आहे, त्यामुळे तफावत लपून राहण्याची शक्यताही उरलेली नाही.

ब्रिटनमधील पदवीपूर्व अर्ज यूकास या संस्थेमार्फत जातात. तेथे सर्व परीक्षा नोंदवाव्या लागतात. अनुत्तीर्ण झालेली किंवा पुन्हा दिलेली परीक्षाही वगळता येत नाही. निकाल लागायचा असेल तर ती परीक्षा प्रलंबित म्हणून दाखवायची असते. २०२६ च्या प्रवेशापासून यूकासचे वैयक्तिक निवेदन तीन प्रश्नांत विभागले गेले आहे आणि तिन्ही उत्तरे मिळून ४,००० अक्षरांची मर्यादा आहे. गुणांचा रकाना वेगळा असताना या अक्षरांत टक्केवारी पुन्हा लिहिणारे विद्यार्थी जागा वाया घालवतात.

अमेरिकी विद्यापीठे बहुधा नववी ते बारावी अशा चारही वर्षांचे गुण मागतात. महाराष्ट्रात दहावीनंतर विद्यार्थी कनिष्ठ महाविद्यालयात जातो, त्यामुळे नववी-दहावीचा उतारा जुन्या शाळेकडून आणि अकरावी-बारावीचा महाविद्यालयाकडून, असे दोन स्वतंत्र उतारे लागतात. नववीची गुणपत्रिका घरात सापडत नाही, हे सहसा शेवटच्या आठवड्यात लक्षात येते. सॅट ऐच्छिक करण्याची कोविडकाळातील लाटही ओसरत आहे. एमआयटीने २०२२ मध्ये, तर डार्टमथ आणि हार्वर्डने २०२४ मध्ये प्रवेश परीक्षेची अट परत आणण्याचे जाहीर केले. जेथे ती ऐच्छिक आहे तेथे गुण विद्यापीठाच्या नेहमीच्या पातळीच्या बरेच खाली असतील तर न पाठवणे हा प्रामाणिक पर्याय आहे. शाळेचे गुण मात्र असे निवडून पाठवता येत नाहीत.

कमी गुण आणि एटीकेटी

घसरलेल्या गुणांचा खुलासा करावा की नाही, हा प्रश्न विद्यार्थी सर्वाधिक विचारतात. कारण खरे आणि कागदाने सिद्ध होणारे असेल तर करावा. परीक्षा कठीण होती किंवा शिक्षक कडक होते, ही कारणे लिहू नयेत. ‘कौटुंबिक अडचणींमुळे माझे गुण कमी झाले’ या वाक्यातून समितीला काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘तिसऱ्या सत्रात वडिलांच्या आजारपणामुळे सहा आठवडे गैरहजर, दोन विषयांत एटीकेटी, चौथ्या सत्रात दोन्ही उत्तीर्ण, पुढील चार सत्रांची सरासरी ८.६.’ एटीकेटी हा शब्द महाराष्ट्राबाहेर फारसा कोणाला कळत नाही, तेव्हा ‘राहिलेला विषय पुढील सत्रात उत्तीर्ण’ असा खुलासा हवा. दया मागणाऱ्या परिच्छेदापेक्षा चढत गेलेली सत्रनिहाय सरासरी समितीला अधिक पटते.

एकूण टक्केवारी मध्यम असताना मूळ विषयातले गुण चांगले असतील, तर तेही सांगावेत. संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज करणाऱ्याची एकूण सरासरी ६८ आणि गणिताच्या सहा प्रश्नपत्रिकांची ८४ असेल, तर त्या सहा विषयांची नावे देऊन ही सरासरी निवेदनात लिहिणे पूर्णतः योग्य आहे. मात्र गुणांच्या रकान्यात ६८ च राहिले पाहिजेत. वर्गातील क्रमांक चांगला असल्यास तो विभागप्रमुखांच्या पत्रावर, एकूण विद्यार्थिसंख्येसह, मिळवावा. ‘६२ पैकी चौथा’ ही नोंद कमी टक्केवारी देणाऱ्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला फार उपयोगी पडते.

अंतिम सत्राचा निकाल बाकी असताना अर्ज करणाऱ्यांनी तोवरच्या सत्रांची सरासरी लिहून ‘सहाव्या सत्रापर्यंत’ असा स्पष्ट उल्लेख करावा आणि निकाल लागताच सुधारित गुणपत्रिका स्वतःहून पाठवावी. विद्यापीठाच्या सही-शिक्क्याच्या मोहोरबंद उताऱ्याला आठवडे लागतात, आणि निकालानंतरच्या गर्दीत त्याहून अधिक. त्याचा अर्ज प्रवेश अर्जाच्या आधी करणे सोयीचे.