ग्वाल्हेरच्या किल्ल्यातील तीन निजामशहा

इंदापूरला मालोजीराजांची गढी आहे. निजामशाहीच्या चाकरीत असताना इंदापूरच्या लढाईत मालोजी कामी आले. त्यांच्यामागे शहाजीराजांकडे आलेल्या मुलखात पुण्याबरोबर सुपे आणि इंदापूर ही नावे नेहमी जोडीने येतात. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. भीमा आणि नीरा यांच्या मधल्या या टापूकडे आपण पाहतो ते स्वराज्याची पूर्वपीठिका म्हणून. परंतु ही जहागीर ज्या घराण्याने दिली, त्या घराण्याच्या वारसांचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. आम्हांस तो विचारावासा वाटतो.

हरवलेले राजपुत्र म्हटले की साहित्याच्या अभ्यासकाला आठवतो तो लंडनचा टॉवर. बारा वर्षांचा पाचवा एडवर्ड आणि नऊ वर्षांचा त्याचा भाऊ रिचर्ड १४८३ च्या उन्हाळ्यानंतर कुणाच्या दृष्टीस पडले नाहीत. १६७४ मध्ये टॉवरमध्ये हाडे सापडली. ती त्यांचीच का, हा वाद आजही मिटलेला नाही. मात्र थॉमस मोरने ती कथा लिहिली, शेक्सपिअरने तिचे नाटक केले, आणि ती मुले कायमची जगाच्या स्मरणात राहिली.

निजामशाहीत असे एकदा नव्हे, तीनदा घडले. १५९५-९६ मध्ये चांदबिबीने अहमदनगरचा किल्ला लढवला तो बहादूर या तान्ह्या वारसाच्या नावाने. १६०० साली किल्ला पडला आणि बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली. मलिक अंबरने दुसरा निजामशहा उभा करून राज्य पुढे चालवले. अंबरच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा फत्तेखान याने बुऱ्हाण निजामशहाचा काटा काढला आणि हुसेन या अल्पवयीन मुलाला तख्तावर बसवले. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती गेले. हुसेनही ग्वाल्हेरला गेला.

तिसरा वारस शहाजीराजांनी उभा केला. निजामशाही वंशातील मुर्तझा नावाच्या बालकाला त्यांनी १६३३ मध्ये संगमनेरजवळच्या पेमगिरीवर गादीवर बसवले. त्याला मांडीवर घेऊन राजे स्वतः सिंहासनावर बसले, असे परंपरा सांगते. हे चित्र मराठी मनाला फार प्रिय आहे. त्यात पराक्रम आहे, मुत्सद्देगिरी आहे, पुढच्या राज्याभिषेकाची चाहूल आहे. मांडीवरच्या मुलाला मात्र चेहरा नाही. त्याच्या नावाने तीन वर्षे कारभार झाला, लढाया झाल्या. त्याने स्वतः उच्चारलेला एकही शब्द आपल्यापर्यंत आलेला नाही.

१६३६ मध्ये शहाजहान आणि आदिलशहा यांचा तह होऊन निजामशाहीची वाटणी ठरली. शहाजीराजे माहुलीच्या किल्ल्यात अडकले. त्यांनी मोगलांची चाकरी मागितली, ती मिळाली नाही. आदिलशाहीत जावे, असे त्यांना सांगण्यात आले. बालशहा मोगलांच्या स्वाधीन करावा लागला. भोसल्यांकडे पुणे-सुप्याचा मुलूख राहिला; निजामशाही राहिली नाही. याला विश्वासघात म्हणणे अन्यायाचे होईल, कारण दोन बादशाही फौजांपुढे राजांना दुसरा मार्ग उरला नव्हता. परंतु त्या तहात एका मुलाचे आयुष्य संपले, हे न म्हणणेही अन्यायाचेच आहे.

अब्दुल हमीद लाहोरीच्या ‘बादशाहनाम्या’त या मुलाची अखेरची नोंद आहे. त्याला ग्वाल्हेरला ठेवण्याचा हुकूम झाला. आणि तिथे आधीपासूनच दोन निजाम कैदेत आहेत, एक अकबराच्या काळी अहमदनगरला धरलेला आणि दुसरा दौलताबादचा, असे लाहोरी सांगतो. नोंद कोरडी आहे. पण तिचा हिशेब मांडून पाहावा. तान्हेपणी ज्याच्या नावाने चांदबिबी लढली, तो बहादूर छत्तीस वर्षांनंतरही त्याच किल्ल्यात होता आणि आता चाळिशीला आला होता. एकाच घराण्याचे तीन राजे एका किल्ल्यात जमले, आणि तिघांपैकी एकानेही कधी राज्य केले नव्हते.

यानंतर त्यांचा माग हरवतो. पुढे औरंगजेबाच्या काळात ग्वाल्हेरच्या कैदी राजपुत्रांना रोज सकाळी अफूच्या बोंडांचे पाणी पाजून झिजवले जाई, असे फ्रेंच प्रवासी बर्निए याने लिहिले आहे. ते वर्णन या तिघांना चिकटवण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. त्यांच्या अंताविषयी कल्पना लढवण्यापेक्षा त्यांच्याविषयीचे मौन कसे घडले, हे पाहणे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते.

लंडनची मुले स्मरणात राहिली, कारण त्यांच्या मृत्यूची कथा नव्या राजवंशाच्या उपयोगाची होती. तिसऱ्या रिचर्डला काळे ठरवल्याशिवाय ट्यूडरांची गादी उजळत नव्हती. निजामशाहीच्या मुलांची कथा कुणाच्याच उपयोगाची नव्हती. मोगलांच्या दृष्टीने ते निकालात निघालेले प्रकरण होते, तर आदिलशाहीला वाटणीत मुलूख मिळाला होता. मराठी काव्याला आणि बखरींना पुढे याहून कितीतरी मोठा नायक लाभला. मोगल कैद सोसून परत आलेल्या शाहूमहाराजांची आठवण आपण ठेवली, कारण ते परतले आणि त्यांच्यामागे राज्य होते. जे परतले नाहीत आणि ज्यांच्या नावाने गाऱ्हाणे घालायला कुणी उरले नाही, त्यांच्यासाठी आपल्या वाङ्मयात जागा झाली नाही.

इंदापूरच्या गढीपाशी आपण मालोजीराजांचे स्मरण करतो. ते योग्यच आहे. त्याच वेळी, ज्या घराण्याच्या मिठाला जागून ते तिथे पडले, त्या घराण्याचे शेवटचे मूल ग्वाल्हेरच्या दरवाजातून आत गेले आणि इतिहासातून नाहीसे झाले, हेही आठवावे. त्याने शहाजीराजांचे मोठेपण उणावत नाही. पेमगिरीच्या चित्रात राजांच्या मांडीवर एक जिवंत मूल होते, एवढे मात्र आपल्या ध्यानात येते.