जोड जमविणारे आणि पानें घडविणारे

पत्त्यांचा खेळ म्हटला म्हणजे त्यांतील पानें ठरलेलीं असावयाचीं, ही कल्पना सर्वत्र इतकी रुळलेली आहे कीं तिच्याविषयीं सहसा कोणी विचारही करीत नाहीं. बावन्न पानांचा जोड मुंबईंत विकत घ्यावा कीं लंडनमध्यें, बदामाचा एक्का दोन्हीकडे सारखाच. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घेतली तरी दहा अवतारांचीं प्रत्येकीं बारा मिळून तिचीं १२० पानें. चिताऱ्याचा हात बदलला म्हणून त्यांची संख्या बदलत नाहीं. दिवाणखान्यांत डाव मांडला जातो तेव्हां सर्व भिडूंना एकाच जोडांतून पानें वांटलीं जातात, आणि कोणाच्या वांट्यास राजा यावा व कोणाच्या दुरी, हा केवळ नशिबाचा प्रश्न राहतो.

१९९३ सालीं अमेरिकेंतील एका गणितज्ञानें ही जुनी समजूत मोडली. त्याच्या खेळांत प्रत्येक खेळाडू आपला जोड घरूनच जमवून आणतो. तो दुसऱ्याच्या जोडासारखा असेलच असें नाहीं. आणि पानें घडविणारा दर कांहीं महिन्यांनीं नवीं पानें बाजारांत आणीत राहतो. पानें घडविणारा व जोड जमविणारा यांच्यांत तेव्हांपासून जो डाव चालला आहे, तोच ह्या खेळाचा खरा इतिहास होय.

ह्या गणितज्ञाचें नांव रिचर्ड गारफील्ड व खेळाचें नांव ‘मॅजिक: द गॅदरिंग’. गारफील्ड हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत गणिताचे संशोधक विद्यार्थी होते. वस्तूंचे गट किती प्रकारांनीं पाडतां येतात, हें पाहणारी गणिताची शाखा हा त्यांचा विषय. १९९१ सालीं यंत्रमानवांच्या शर्यतीचा एक पटावरील खेळ घेऊन ते पीटर ॲडकिसन यांस भेटले. ॲडकिसन यांची ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ ही कंपनी सिॲटल शहराजवळ नुकतीच निघालेली होती, आणि पटाचा खेळ तयार करण्याचा खर्च तिला झेपण्यासारखा नव्हता. ॲडकिसन यांनीं उलट मागणी घातली. खेळाडूंच्या मेळाव्यांत दोन मोठ्या डावांमधील फावल्या वेळांत खेळतां येईल, सहज बरोबर नेतां येईल आणि छापावयास स्वस्त पडेल असा खेळ त्यांना हवा होता. त्या मागणींतून हा पत्त्यांचा खेळ निघाला.

खेळाची मांडणी थोडक्यांत अशी आहे. दोन खेळाडू हे दोन जादूगार. प्रत्येकाचें आयुष्य २० गुणांचें. कांहीं पानें भूमीचीं असतात. प्रत्येक पाळीस एक भूमि मांडावयाची व तिच्यापासून शक्ति मिळवावयाची. ती शक्ति खर्चून मंत्र म्हणावयाचे किंवा प्राणी उभे करावयाचे, आणि प्रतिपक्षाचे वीस गुण शून्यावर आणावयाचे. शक्तीचे रंग पांच: पांढरा रंग सुव्यवस्थेचा, निळा ज्ञानाचा, काळा महत्त्वाकांक्षेचा, तांबडा आवेगाचा आणि हिरवा निसर्गाच्या वाढीचा. एका रंगास जें सहज साधतें तें दुसऱ्यास महाग पडतें, किंवा मुळींच साधत नाहीं. म्हणून कोणता रंग घ्यावा, दोन रंग एकत्र करावे काय, हा जोड जमविणाऱ्यापुढील पहिला प्रश्न असतो.

पानें विकण्याची रीतही निराळी होती. बंद पाकिटांत १५ पानें. त्यांतील ११ सामान्य, ३ त्याहून विरळ आणि १ दुर्मिळ. आंत काय आहे, हें पाकीट फोडल्यावांचून कळावयाचें नाहीं. पूर्वीच्या काळीं सिगारेटच्या पाकिटांतून येणारीं चित्रें मुलें ज्या ओढीनें जमवीत, तीच ओढ येथें खेळाला जोडली गेली. ऑगस्ट १९९३ मध्यें पहिली छपाई बाजारांत आली. तींत २९५ प्रकारचीं सुमारें २६ लाख पानें होतीं, आणि प्रत्येक दुर्मिळ पानाच्या प्रती अवघ्या अकराशेंच्या आसपास.

ह्या अकराशेंच्या आंकड्यांतच गारफील्ड यांची पहिली चूक दडलेली होती. ‘ब्लॅक लोटस’ नांवाचें एक पान त्यांनीं घडविलें होतें. तें मांडावयास शक्तीचा कणही लागत नाहीं, आणि त्यापासून तीन भूमींइतकी शक्ति एकदम मिळते. असें पान अतिशय प्रबळ आहे, हें त्यांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. परंतु सामान्य खेळाडू एक जोड व दोनचार पाकिटें घेईल, मित्रांच्या एका टोळक्यांत असें पान एखादेंच सांपडेल, आणि दुर्मिळता हाच त्याचा लगाम ठरेल, अशी त्यांची अटकळ होती. म्हणून जोडांत निदान ४० पानें असावींत, यापलीकडे नियमांत फारसें बंधन ठेवलेलें नव्हतें. एकच पान कितीही वेळां घेतलें तरी चालत असे.

अटकळ फसली, कारण खेळाडूंनीं दोनचार पाकिटांवर समाधान मानलें नाहीं. ज्याच्याजवळ पैसा त्याच्याजवळ पानें, अशी स्थिति झाली. लगाम म्हणून योजलेली दुर्मिळता श्रीमंताच्या हातीं शस्त्र बनली. त्यांतून काय होऊं शकतें, याचें एक प्रसिद्ध उदाहरण सांगण्यासारखें आहे. पहिल्याच पाळीस एक तांबडी भूमि व ब्लॅक लोटस मांडावयाचें. लोटसच्या तीन हिरव्या शक्तींपैकीं दोन खर्चून ‘चॅनल’ हा मंत्र म्हणावयाचा. त्यानें स्वतःच्या आयुष्याचा एकेक गुण देऊन एकेक शक्ति मिळते. एकोणीस गुण देऊन एकोणीस शक्ति घ्यावयाच्या, उरलेली एक त्यांत मिळवावयाची, आणि तांबड्या भूमीच्या बळावर ‘फायरबॉल’ सोडावयाचा. बरोबर वीस गुणांचा घाव बसून प्रतिपक्षी एकही पान न मांडतां मरतो. दोन माणसांचा खेळ त्या क्षणीं एकाचाच होतो.

तेव्हां १९९४ सालीं स्पर्धांकरितां नवे नियम आले: जोडांत निदान ६० पानें असावींत, भूमीचीं साधीं पानें सोडून कोणतेंही पान चारांहून अधिक वेळां नसावें, आणि लोटससारखीं कांहीं पानें एकेकच घेतां यावींत. ह्या नियमांमागील गणित सोपें आहे. साठ पानांत एखादें पान एकच असेल, तर पहिल्या सात पानांच्या हातांत तें येण्याचा संभव शेंकडा १२ हून थोडा कमी. चार असतील तर तोच संभव शेंकडा ४० च्या घरांत जातो. म्हणजे चार प्रती घेऊनही हवें तें पान प्रथम हातांत न येण्याचाच संभव अधिक. साठांहून अधिक पानें घेण्यास मनाई नाहीं, पण प्रत्येक जादा पान हा संभव घटवितें. म्हणून जाणते खेळाडू नेमक्या साठांवर थांबतात. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें मिलवॉकी येथें पहिले जागतिक सामने झाले, आणि अमेरिकेच्या झॅक डोलन यांनीं फ्रान्सच्या बर्ट्रांड लेस्ट्रे यांचा पराभव केला.

नियम स्थिर होतांच जोड जमविण्याचें शास्त्र निर्माण झालें, आणि त्यांत दोन संप्रदाय उभे राहिले. कॅलिफोर्नियांतील ब्रायन वाइसमन यांच्या जोडांत जिंकून देणारे प्राणी दोनच होते. बाकीचीं पानें प्रतिपक्षाची प्रत्येक चाल हाणून पाडण्यासाठीं. एक पान देऊन दोन पानें निकामी करावीं, स्वतःच्या हातांत सदैव पानें शिल्लक ठेवावीं, आणि प्रतिपक्षी रिता झाला म्हणजे सावकाश जिंकावें, हें त्यांचें सूत्र. याच्या अगदीं उलट मार्ग १९९६ सालीं अटलांटाच्या एका स्पर्धेंत पॉल स्लाय यांनीं दाखविला. त्यांचा जोड जे श्नायडर यांनीं योजलेला होता. त्यांत बहुतेक पानें हिणकस म्हणून इतरांनीं टाकून दिलेलीं होतीं. परंतु पहिल्या पाळीस एका शक्तीचें पान, दुसरीस दोन शक्तींचें, याप्रमाणें दर पाळीस हातची सर्व शक्ति खर्ची पडावी, असा त्यांचा हिशेब बसविलेला होता. महागड्या पानांचा धनी सज्ज होण्यापूर्वींच हा जोड त्याला गांठीत असे. स्वस्त पानेंही नीट हिशेबानें मांडलीं तर श्रीमंताला भारी पडतात, हा धडा त्या काळीं लहान नव्हता.

इकडे पानें घडविणारांपुढें दुसरा पेंच होता. जुनीं प्रबळ पानें नव्या माणसास मिळेनात. मग त्यानें खेळांत यावें कसें? यावर १९९५ च्या आरंभीं असा तोडगा निघाला कीं एका प्रकारच्या स्पर्धांत केवळ अलीकडच्या संचांतील पानेंच चालावींत. त्यामुळें जुना संच कालांतरानें आपोआप बाद होऊं लागला. त्याच वर्षीं कांहीं जुनीं पानें पुन्हां छापण्यांत आलीं, तेव्हां संग्राहकांनीं मोठा गिल्ला केला. त्यांच्या पेटींतील पानांची किंमत उतरली होती. १९९६ सालीं कंपनीनें वचन दिलें कीं ठराविक यादींतील पानें पुन्हां कधींही छापणार नाहीं. संग्राहकाचें समाधान झालें, पण जुन्या पानांचा खेळ सामान्य माणसाला कायमचा दुरावला. २०२१ सालीं पहिल्या छपाईंतील, चित्रकाराची सही असलेलें एक ब्लॅक लोटस ५,११,१०० डॉलरांस विकलें गेलें. एवढ्या किंमतीचें पान पिसून डावांत टाकण्यास कोण धजेल?

नवा संच घडविणें हें तर जोड जमविण्याहूनही बिकट काम. शेंकडों पानें नव्यानें लिहावयाचीं. प्रत्येक रंगास त्याच्या स्वभावाचा वांटा द्यावयाचा. सामान्य पानें सोपीं ठेवावयाचीं, म्हणजे नवख्यास खेळ समजतो. आणि प्रत्येक नवें पान आधींच्या पानांशीं कसें जुळेल, तें ताडून पाहावयाचें. हें शेवटचें कामच हातीं लागत नाहीं, कारण जोड्यांची संख्या पानांच्या संख्येहून कितीतरी वेगानें वाढते. ऑक्टोबर १९९८ मधील ‘अर्झाज सागा’ ह्या संचांत पुढें मांडलेल्या प्रत्येक यांत्रिक वस्तूमागें एक शक्ति देणारी भूमि छापली गेली, आणि त्या हिंवाळ्यांत कित्येक डाव पहिल्या दोनतीन पाळ्यांतच संपूं लागले. बंदीवर बंदी घालावी लागली. फेब्रुवारी १९९९ मध्यें विक्रीस आलेल्या ‘मेमरी जार’ ह्या पानावर तर मार्चमध्येंच तांतडीनें बंदी जाहीर झाली. त्यानंतर कंपनीनें स्पर्धांत नांवाजलेल्या खेळाडूंनाच नोकरीस ठेवलें. चोराची वाट चोरास ठाऊक, या न्यायानें पुढें निघावयाचीं पानें त्यांनीं आधींच खेळून पाहावयाचीं, अशी व्यवस्था झाली.

व्यवस्था चांगली होती, पण पुरेशी नव्हती. २००४ सालीं ‘स्कलक्लॅम्प’ नांवाचें एक यंत्राचें पान निघालें. छपाईपूर्वीं अखेरच्या टप्प्यांत त्याच्यांत फेरफार झाला आणि त्याची नीट पारख राहून गेली. प्राणी मेला कीं दोन पानें मिळावयाचीं. फेरफारामुळें हातांतील दुबळे प्राणी हवे तेव्हां मारतां येऊं लागले, आणि मरण हाच लाभ ठरला. जूनमध्यें त्यावर बंदी आली. मार्च २००५ मध्यें त्याच मालिकेंतील आणखी ८ पानें बाद करावीं लागलीं.

भारतीय वाचकाला विशेष वाटावी अशी गोष्ट २०१६ सालची. त्या वर्षीं निघालेल्या ‘कलादेश’ ह्या संचाचें जग भारतीय वेष, वास्तु व नांवें यांवरून रचलेलें होतें. पुढें २०२५ च्या एका संचांत त्या जगाचें नांव ‘आविष्कार’ असें झालें. ह्या संचांत सहेली राय ही कारागीर स्त्री आहे. ती एका प्राण्याची तात्पुरती प्रतिकृति करते. जानेवारी २०१७ च्या पुढील संचांत एक मांजरासारखा रक्षक प्राणी आला. तो डावांत येतांच दुसरें एखादें पान क्षणभर दूर करून परत आणतो. सहेलीनें रक्षकाची प्रतिकृति करावी, प्रतिकृतीनें सहेलीस पुन्हां ताजें करावें, तिनें पुन्हां प्रतिकृति करावी, असें हें चक्र अखंड चालून चौथ्या पाळीस मांजरांची अगणित फौज उभी राही. ही जोडी परीक्षकांच्या नजरेंतून निसटली होती, अशी कबुली कंपनीनेंच दिली. एप्रिलमध्यें त्या रक्षकावर बंदी आली.

२०१७ सालीं स्पर्धांच्या दृष्टीनें पानें पारखण्यासाठीं स्वतंत्र मंडळ नेमण्यांत आलें. तरीही ऑक्टोबर २०१९ मध्यें आलेलें ‘ओको’ नांवाचें पान नोव्हेंबरमध्यें बाद झालें. याचें कारण मंडळाची हयगय म्हणावें, तर तें पुरतें खरें नाहीं. कचेरींत कांहीं थोडीं माणसें कांहीं महिने पानें पारखतात. बाहेर लाखों माणसें पहिल्याच आठवड्यांत त्याहून अधिक डाव खेळून मोकळीं होतात. घडविणारानें काय योजलें होतें, याच्याशीं त्यांना कर्तव्य नसतें. पानावर जें छापलें आहे तेवढेंच तीं पाहतात.

हा खेळ तीस वर्षांहून अधिक टिकला तो निर्दोष होता म्हणून नव्हे. दुर्मिळतेनें न्याय साधेल ही पहिली समजूत खोटी ठरली, तेव्हां घडविणारांनीं नियम बदलले. स्वतःचीं पानें स्वतःच बाद केलीं, आणि ज्यांनीं पानें मोडून दाखविलीं त्यांनाच पारखण्यास बसविलें. मात्र संग्राहकास दिलेलें वचन अजून तसेंच आहे. म्हणून ह्या खेळांत अद्यापिही दोन दालनें आहेत. एकांत नव्या संचांचीं पानें घेऊन साधा विद्यार्थीही मोठ्यांशीं झुंजतो. दुसऱ्याच्या दारावर जुन्या पानांच्या किंमतीची पाटी लागलेली आहे, आणि तेथें बुद्धीच्या आधीं थैली तपासली जाते.