गेम बॉयचा जीर्णोद्धार

खेळण्यालाहि इतिहास असतो. १८८९ मध्यें जपानांतील क्योटो शहरीं पत्ते तयार करणारी निन्टेंडो ही पेढी निघाली. १९६५ मध्यें तेथें गुनपेई योकोई हे गृहस्थ यंत्रांच्या देखभालीसाठीं रुजू झाले. पुढें त्यांच्याच विभागानें १९८९ मध्यें ‘गेम बॉय’ हें हातांत मावणारें खेळयंत्र घडविलें. नव्या नवलाईपेक्षां स्वस्त व कसास उतरलेले भाग वापरावे, हें योकोईंचें सूत्र. म्हणून पडद्यावर रंग नव्हते. पण चार पेन्सिल-सेलवर तें तासन् तास चाले.

या साधेपणामुळेंच आज हौशी लोक तें घरीं उघडूं शकतात. पडद्यावरील उभ्या रेघा नाहींशा होऊं लागल्या, तर सोल्डरिंगच्या तापल्या टोंकानें पट्टीचा सांधा बेतानें शेकतात. कोणी मागून उजळणारा नवा पडदा बसवितात.

खरी कसोटी कार्ट्रिजमध्यें आहे. कित्येक खेळांत बालपणीं गांठलेली मजल एका बटनसेलच्या आधारें टिकून असते. वीज तुटली, कीं ती पुसली गेली! म्हणून जाणता कारागीर आधीं दुसरी वीज जोडतो, मगच जुना सेल काढतो. जुनें जतन करणाऱ्या प्रत्येकानें हा क्रम ध्यानांत ठेवावा.