रिकाम्या बाटलीची ठेव

ठेव काय फक्त बँकेतच असते? सोलापूरच्या उन्हात जीव गार करणाऱ्या गोटी सोड्याचेच पाहा ना. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ मध्ये त्या बाटलीचे पेटंट घेतले. सोडा आपला, बाटली दुकानदाराची! तिथेच उभे राहून प्या, नाहीतर अनामत ठेवा. मग बाटली रस्त्यावर कोण फेकणार?

पुढे प्लास्टिक आले. प्या, फेका, खाते बंद!

२३ मार्च २०१८ ला महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकबंदी जाहीर केली. त्या अधिसूचनेत लिटरच्या बाटलीला एक रुपया अनामत, अर्ध्या लिटरच्या बाटलीला दोन! लहान खातेदाराला जादा दर. आमच्या बँकेला हे कधी सुचले नाही. जूनमध्ये दंड सुरू झाला, पहिल्या खेपेला ५,००० रुपये. १ जुलै २०२२ पासून केंद्रानेही प्लास्टिकचे पेले नि स्ट्रॉ बंद केले. बाटली मात्र त्या यादीतून सुटली.

दंड बहुधा गाडीवाल्याच्या खिशातून जातो. बाटली आपली नाल्यात. माणूस कायद्याला पळवाट काढतो हो, पण स्वतःचे दोन रुपये अडकले, की मुकाट्याने परत येतो. आम्ही काउंटरवर रोज पाहतो!