अडवणं वेगळं, अडकवणं वेगळं



गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या बगिच्यात एक गोष्ट घडली. वर्षभर मी ती कोणाला सांगितली नव्हती. आज सांगते, कारण तिच्यामुळे मी या वयात इतिहासाची चार पानं उघडली.

आमचं घर काटोल रोडच्या पुढे, नव्या ले-आउटमध्ये. आजूबाजूला अजून रिकामे प्लॉट आहेत, त्यावर कंबरेएवढं गवत वाढतं, आणि पलीकडे गोरेवाड्याचं जंगल. शेवंती आणि झेंडूची रोपं मी हौसेनं लावली होती. एक दिवस सकाळी बघते तर अर्ध्या वाफ्यातले शेंडे गायब. तिरप्या कात्रीनं छाटावेत तसे. शेजारी वाटाण्याएवढ्या गोल लेंड्या. माळीदादा बघताक्षणी म्हणाले, "ससा आहे बाई. फासा लावून देतो नं, दोन दिवसात मोकळे!"

फाशाला मी अर्थातच नाही म्हटलं. पण मग शहाणपणा केला तो असा, की बाजारातून नायलॉनची मऊ जाळी आणली आणि वाफ्यावर सैल टाकून दिली. मनात म्हटलं, यात कोणाला काय इजा होणार? तिसऱ्या दिवशी पहाटे जाळीत सशाचं पिल्लू गुरफटलेलं. सुटायच्या धडपडीत मागच्या पायात दोरा रुतला होता. यांनी टॉवेलनं हलकेच धरलं, मी कात्रीनं एकेक दोरा कापला. सुटल्यावर ते लंगडत गवतात गेलं. जगलं की नाही, मला माहीत नाही. त्या दिवशी सामायिकात मन लागलं नाही. फासा नको म्हणणारी मी, आणि घरात मीच फासा अंथरला होता. नाव तेवढं जाळी होतं.

अजब बंगल्यातला दगड

पुढच्या महिन्यात नातवाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी विदर्भातल्या जुन्या शिलालेखांबद्दल वाचत होते. त्यात देवटेक भेटलं. चंद्रपूर जिल्ह्यातलं हे छोटं गाव, नागपूरपासून साधारण ८० किलोमीटर. तिथे सापडलेली एक शिळा नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात आणली गेली. आपल्या नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तिचा अभ्यास केला.

त्या एका शिळेवर दोन लेख आहेत. जुना लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहे. बरीच अक्षरं गेली आहेत, पण आशय कळतो. कुणा स्वामीची आज्ञा आहे, की प्राण्यांना पकडू नये, मारू नये, आणि जो हे मोडेल त्याला शिक्षा होईल. मिराशींनी ही आज्ञा सम्राट अशोकाच्या धर्मशासनाशी जोडली. म्हणजे सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच मुलखात 'धरू नका, मारू नका' असं कोणीतरी दगडावर कोरून ठेवलं होतं. पुढे इसवीसनाच्या चौथ्या शतकात वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याला आपल्या धर्मस्थानाचा लेख कोरायचा होता. त्यासाठी हीच शिळा घेतली गेली आणि जुनी अक्षरं छिलली गेली. ज्या दगडानं जीव वाचवायला सांगितलं, त्याच्यावरच छिन्नी चालली. तरी जुने शब्द पुरते पुसले गेले नाहीत.

माझं लक्ष अडकलं ते त्या दोन क्रियापदांवर. नुसतं 'मारू नये' म्हणून लेख थांबत नाही. पकडण्याचाही निषेध करतो. हे आपल्याला नवं नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. त्यात पहिलाच बंध. पाठशाळेत आपण हे पाठ केलं, परीक्षेत लिहिलं. पण मी बंध म्हटलं की पिंजऱ्यातला पोपट नाहीतर खुंट्याला आखडून बांधलेलं गुरू एवढंच डोळ्यांपुढे आणायचे. वाफ्यावरची सैल जाळी हासुद्धा बंधच, हे त्या पिल्लाच्या पायानं शिकवलं.

अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात न मारायच्या प्राण्यांची मोठी यादी आहे. त्यातच पुढे म्हटलं आहे, की जीव असलेला भुसा जाळू नये आणि विनाकारण जंगलाला आग लावू नये. राजानं खाटकाकडेच नाही, तर शेतकऱ्याच्या साध्या कामाकडेही पाहिलं होतं. पुढे बाराव्या शतकात गुजरातच्या कुमारपाळ राजानं अमारीची घोषणा केली, तर सोळाव्या शतकात आचार्य हीरविजयसूरींच्या उपदेशानं अकबरानं पर्युषणात जीवहत्या बंद ठेवण्याचं फर्मान काढलं. या दोन गोष्टी आपण व्याख्यानात ऐकतोच. देवटेकची शिळा मात्र आपल्या घराजवळची असून कोणी सांगत नाही.

हत्तीचा पाय

सशाचं नाव घेतलं की आपल्याला मेघकुमार आठवतोच. ही कथा ज्ञाताधर्मकथा या आगमात आहे. श्रेणिक राजाचा हा मुलगा भगवान महावीरांकडे दीक्षा घेतो. पहिल्याच रात्री येणाऱ्या-जाणाऱ्या मुनींचे पाय लागून झोपमोड होते, आणि सकाळी घरी परत जावं असं त्याच्या मनात येतं. तेव्हा भगवान त्याला पूर्वभव सांगतात. तो हत्ती होता. वणव्यापासून वाचण्यासाठी त्यानं झाडंझुडपं, गवत उपटून एक मोकळं मंडल तयार केलं होतं. वणवा पेटला तशी जंगलातली सगळी जनावरं तिथे दाटीवाटीनं येऊन उभी राहिली. हत्तीनं अंग खाजवायला पाय उचलला, तेवढ्या रिकाम्या जागेत एक ससा येऊन बसला. हत्तीनं तो पाय अडीच दिवस खाली टेकवला नाही. आग विझली, ससा निघून गेला, पण आखडलेल्या पायामुळे हत्ती कोसळला.

लहानपणी यात मला फक्त हत्तीची करुणा दिसायची. आता वाफे करणारी बाई म्हणून आणखी एक गोष्ट दिसते. ते मंडल हत्तीनं स्वतःच्या कष्टानं साफ केलं होतं. जागा त्याची होती. तिच्यात आलेला ससा कोणाची परवानगी घेऊन आला नव्हता.

कायद्याच्या वहीत ससा

सरकारी कायद्यातही सशाचा प्रवास बघण्यासारखा आहे. इंग्रजांच्या १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याच्या यादीत हरणं, गवे यांच्याबरोबर ससाही होता. पण त्या कायद्यात शिकारीचे महिने बंद आणि खुले ठरवायचे होते. यंदा प्राणी वाचवायचा तो पुढच्या वर्षी शिकार उरावी म्हणून. मी कॉमर्सची, त्यामुळे मला हे सरळ 'मुद्दल राखून व्याज खाणं' वाटलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ससा चौथ्या अनुसूचीत आला. १९९१ च्या दुरुस्तीनं परवान्यानं शिकार करण्याची वाटही बंद झाली. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या अनुसूचीत आहे. आणि मैत्रिणींनो, या कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही. फासा लावणं, सापळ्यात धरणं, तसा प्रयत्न करणं हेही शिकारीतच धरलं आहे. देवटेकच्या शिळेवरची दोन्ही क्रियापदं अशी पुन्हा कायद्यात आली.

ज्यांची मुलं ऑस्ट्रेलियात आहेत त्या म्हणतील, तिकडे तर सशांनी देश खाल्ला! ते खरं आहे, पण तो ससा वेगळा. १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदारानं शिकारीच्या हौसेखातर इंग्लंडहून आणलेले काही ससे व्हिक्टोरियात सोडले. ते इतके वाढले की पश्चिम ऑस्ट्रेलियात त्यांना रोखायला १,८०० किलोमीटरहून लांब कुंपण घालावं लागलं, आणि १९५० मध्ये मुद्दाम रोग पसरवून त्यांना मारलं गेलं. तो बिळं खणून कळपानं राहणारा युरोपी ससा. आपला रानससा बीळ खणत नाही. गवतात अंगापुरता खळगा करून दिवसभर त्यात बसतो आणि रात्री चरतो. त्याची पिल्लं अंगावर केस घेऊन, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. त्याला इथे कोणी आणून सोडलेलं नाही. हे गवत त्याचं होतं, ले-आउट आपण नंतर पाडले.

मग फुलांचं काय?

फुलं सोडून द्यायची का? मला तसं वाटत नाही. ती शिळा पकडू नका, मारू नका म्हणते. राखण करू नका, असं त्यात नाही. अडवणं आणि अडकवणं यातला फरक तेवढा सांभाळायचा. आम्ही यंदा काय केलं ते सांगते.

मऊ जाळी घरातून हद्दपार केली. बारीक घराची ताठ तारेची जाळी तीन फूट उंच, खुंट्यांना ताणून बसवली. खालची वीतभर जाळी बाहेरच्या बाजूला वाकवून विटांनी दाबली, म्हणजे खालून घुसता येत नाही. तार ताठ असली की जनावर धडकून मागे फिरतं, गुंतत नाही. कोवळ्या रोपांवर रात्री बांबूच्या टोपल्या पालथ्या घालतो आणि सकाळी काढतो. कोणी मला लसणाचा फवारा मारायला सांगितला होता. ज्या घरात लसूण उंबरा ओलांडत नाही, तिथे तो शेवंतीला कुठून मिळणार!

गवत कापण्याआधी माळीदादा आता काठीनं हळूच चाचपून बघतात, कारण सशाचं पिल्लू पळत नाही, दडून निश्चल बसतं. एकटं दिसलं तरी उचलायचं नाही. आई दिवसा लांब राहते आणि अंधार पडल्यावर पाजायला येते.

आणि एक शेवटचं. सगळीकडे तार ठोकून झाल्यावर मला तो पाचवा अतिचार आठवला, अन्नपाननिरोध. तो मुख्यतः आपल्यावर अवलंबून असलेल्या जीवांबद्दल सांगितला जातो, हे मला माहीत आहे. तरी मन मानेना. म्हणून कुंपणाबाहेर भिंतीलगत दोन हात रुंदीची पट्टी हरळी आणि लसूणघासासाठी सोडली. हे म्हणाले, "सशाला आमंत्रण देतेस का?" मी म्हटलं, "आमंत्रण नाही, एक पाय उचलून धरलाय."

जमाखर्च मांडला तर जाळी, खुंट्या आणि मजुरी मिळून शेवंतीच्या फुलांपेक्षा खर्च जास्तच झाला. जमेच्या बाजूला एवढंच लिहिते, की यंदा दोन्ही वाफे भरून फुलले आणि पहाटे जाळीकडे जाताना छातीत धडधडत नाही. पट्टीवरची हरळी रोज थोडी खुडलेली असते. लंगडणारा ससा मात्र मला अजून दिसलेला नाही. त्या जीवाची मी रोज क्षमा मागते.

जय जिनेंद्र.